तानुबाईंची बडबड

२ फेब्रुवारी

"मांडा डोळ्यानं नाही, नाकानं भाजावं लागते."

सरस्वतीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, लग्नानंतरच्या पहिल्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या आखाजीला, हे म्हणाल्या होत्या. मी मातीच्या खापरावर वाकून पुरणाच्या मांड्याचा रंग बघत होते. त्यांनी मागून येऊन पदरानं माझे डोळे झाकले. "आता सांग, कवा काढू?" मी वासावर सांगितलं. मांडा उतरवला तर अगदी हवा तसा, कडेला सोनेरी, मध्ये पांढरा. त्या दिवसापासून चुलीपुढचा पाट माझा झाला.

आज वही उघडली आणि आधी हेच आठवलं. समीक्षा मॅडम म्हणाल्या होत्या, "रोज नका लिहू, पण लिहा. डोक्याला वळण लागतं." त्या संभाजीनगरच्या दवाखान्यातल्या थेरपीवाल्या. जुलैमध्ये बुलढाण्याहून मोताळ्याला परत येताना राजूर घाटात मी नवऱ्याच्या, अविनाशच्या, मोटारसायकलवरून मागे पडले. मला त्यातलं काही आठवत नाही. लोकांनी सांगितलेलं आठवतं. कवटीचं हाड काढून ठेवलं होतं, मग परत बसवलं. बोलणं आलं, चालणं आलं, माणसांची नावं हळूहळू आली. डावा हात अजून मध्येच थांबतो.

हाताचं सगळ्यांना माहीत आहे. दुसरं कुणालाच माहीत नाही. मला वास येत नाही.

मॅडमनी एकदा डोळे मिटायला लावून नाकाखाली बाटली धरली होती. माझ्या आधीच्या बाईचं "लवंग" हे उत्तर मी पडद्याआडून ऐकलं होतं. मीही लवंग म्हणाले. मॅडम खूश झाल्या. इतकं सोपं होतं ते.

खरं सांगितलं असतं तर बातमी घरी आली असती, घरून गावात गेली असती. मोताळ्यात आणि आसपासच्या गावांत लग्नाला, साखरपुड्याला, आखाजीला खापर लावायला दुर्गाबाईला बोलावतात. नाक गेलेल्या दुर्गाबाईला कोण बोलावणार?

पुढच्या रविवारी पहिलं काम आहे.

९ फेब्रुवारी

झालं. गावातल्या हरिओमच्या मुलीचा साखरपुडा होता.

उंडा, म्हणजे पुरण भरलेला कणकेचा गोळा, दोन्ही हातांवर झेलत, फिरवत मांडा वाढवायचा असतो. कोपरापर्यंत आला की उलट्या खापरावर अलगद टाकायचा. पहिले तीन फाटले. डावा हात ऐन वेळी, आपण कुणाच्या कामाला आलो आहोत हे विसरल्यासारखा, नुसता उभा राहिला. हरिओमची म्हातारी आई बाजेवरून म्हणाली, "दुर्गे, मांडे करून राह्यली का जाळी विणून राह्यली व?" सगळ्या हसल्या. मीही हसले. 

चौथा जमला. मग जमत गेले. आणि एकही करपला नाही! मी मनात आकडे म्हणत होते, वाफ बघत होते, कडा उचलते का बघत होते. नाक नसलं तरी इतक्या वर्षांच्या हाताला वेळ कळते, हे आज पटलं.

तानुबाई मात्र फार बोलायला लागल्या आहेत. माझ्या लग्नाआधीपासून त्या सासूबाईंच्या हाताखाली होत्या, आता माझ्याबरोबर असतात. चुलीत लाकूड सारणं, उंडे भरून देणं ही त्यांची कामं. पूर्वी सकाळी "आली मी" आणि संध्याकाळी "जातो मी", एवढंच बोलायच्या. आता सारखं तोंड चालू. "लाकूड ओलं हाय व, कडू धूर येऊन राह्यला." "हां, आता कसा खमंग सुटला पाह्य!" "हे तूप जुनं दिसते, खवट येते, मी दुसरं मागून आणतो." म्हातारपणी काही माणसांचं असं होतं.

२० फेब्रुवारी

अविनाशनं गॅसची टाकी मागच्या पडवीत नेऊन ठेवली आणि नळी भिंतीतून आत घेतली. म्हणाला, ओट्याखाली जागा मोकळी झाली. कामावर जाताना तो टाकी बंद करून जातो. मी चालू केली की त्याला फोन करायचा. "पेटली ना शेगडी? निळी हाय ना?" एवढंच विचारतो.

अपघातानंतर माणूस घाबरट झाला आहे. गाडी त्याच्या हातात होती, हे तो विसरत नाही. 

१४ मार्च

काल होळी. चार घरची कामं एका दिवसात केली. संध्याकाळी डोकं ठणकत होतं, पण आनंदानं.

एका घरी कुणीतरी म्हणालं, "दुर्गाबाई, तुमी तं पहिल्यापेक्षा बरे करून राह्यल्या." मला लाज वाटली, कारण मी ते खरं मानलं.

तानुबाईंनी दिवसभर कान खाल्ले. "वेलची जास्त झाली व." "डाळीले उतू जाण्याचा वास येऊन राह्यला, झाकण सरकव." "करपट नाही, करपट नाही, राहू दे अजून." मी शेवटी म्हटलं, "तानुबाई, रेडिओ बंद करा थोडा." त्या हसल्या. दोन मांडे होईपर्यंत गप्प बसल्या. तिसऱ्याला पुन्हा, "घे, पलट, वास सुटला."

१८ एप्रिल

आज मी फार वाईट बोलले. लिहावंसं वाटत नाही.

गावातल्या कुलदीपच्या लग्नाचं काम होतं. मांडवाच्या मागे चूल होती. पुण्याहून आलेल्या त्याच्या मावश्या खुर्च्या टाकून मांडे बघायला बसल्या होत्या. मोबाइलवर माझ्या हातांचं शूटिंग करत होत्या. डावा हात आज चांगला चालत होता. मी जरा ऐटीत होते.

तेवढ्यात तानुबाई मोठ्यानं म्हणाल्या, "दुर्गे, पुरण बुडाले लागलं! उतरव लवकर. वास येऊन राह्यला."

मी उतरवलं. खरंच लागलं होतं. एक मावशी दुसरीला म्हणाली, "तिला स्वतःला कसं कळलं नाही गं?" हळू म्हणाली, पण मोबाइल माझ्याकडे धरूनच.

माझ्या अंगाची आग झाली. मी तानुबाईंना म्हटलं, "माह्या नाकाले काय झालं? तुमचंच नाक सारखं चालू राह्यते. घरी न्यायले किती उरते, हे हुंगून राह्यता काय?"

मावश्या हसल्या. त्यांना गंमत वाटली.

तानुबाई नातीसाठी उरलेलं पुरण डब्यात नेतात. सासूबाईंच्या वेळेपासून नेतात. ती आमच्या घरची रीत आहे, त्यांनी कधी मागितलेलं नाही.

 त्यांनी शेवटपर्यंत लाकडं सारली, उंडे भरले. खापर गार झाल्यावर पुसून फडक्यात बांधलं. मी डबा भरून पुढे केला. त्यांनी तो चुलीजवळच्या विटेवर ठेवला आणि निघून गेल्या. "जातो मी" म्हणाल्या नाहीत.

१९ एप्रिल

आज त्यांच्याकडे जायचं ठरवलं होतं. गेले नाही. जाऊन काय म्हणणार? का बोलले हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल.

२९ एप्रिल

उद्या आखाजी. शालिग्रामभाऊंच्या घरचं काम आहे. त्यांची आई बनाबाई दिवाळीत गेल्या. त्या गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणून त्यांच्या नावानं घागर भरायची आहे. सगळे भाऊबंद जेवायला आहेत. बनाबाईंनी मरणाआधी सुनेला सांगून ठेवलं होतं, "माह्या घागरीले दुर्गाच्या हातचेच मांडे पाह्यजेत." मी तेव्हा नीट उभीही राहू शकत नव्हते. त्यांनी तरी माझंच नाव घेतलं.

तानुबाई येणार नाहीत, निरोप नाहीच. माझंही बोलावणं गेलेलं नाही. शालिग्रामभाऊंची नवी सून निशिगंधा मदतीला आहे.

सकाळची घाई नको म्हणून आज संध्याकाळीच त्यांच्याकडे जाऊन पुरण शिजवलं, वाटलं, मोठ्या पातेल्यात भरून वर ओलं फडकं घालून झाकून ठेवलं. वीज नव्हती, घामानं भिजून गेले. पण एकटीनं सगळं केलं. घरात किती शांत वाटलं! कुणी मध्ये मध्ये बोलणारं नाही.

२ मे

दोन दिवस वहीला हात लावला नाही. आता जसं झालं तसं लिहिते.

तानुबाई पुरण शिजलं की परातींत पसरून गार करायच्या. सासूबाईंच्या वेळेपासून ते काम त्यांचंच. मी गरम पुरण पातेल्यात दाबून झाकलं. एप्रिलचा उकाडा, वीज रात्रभर आली नाही.

पितरांच्या ताटाचं आधी चाखायचं नसतं. पहिला घास निखाऱ्यावर जातो, मग माणसांच्या तोंडात. म्हणून अशा स्वयंपाकाला जीभ कामाची नाही. वास आपसूक येतो, त्यावरच बायका ओळखतात.

सकाळी निशिगंधानं फडकं काढलं. ती पातेल्यावर क्षणभर वाकून राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, पुरणाचा वास असाच असते काय?"

मी म्हटलं, "असाच असतो."

हे मी म्हटलं. कुणी मला म्हणायला लावलं नाही. ती विचारत होती, मी थांबू शकत होते. डाळ घरात होती, वेळ होता. पण मला वाटलं, ही पोरगी नवी आहे, हिला काय माहीत. आणि खरं म्हणजे मला वाटलं, हिला कळेल.

मांडे सुंदर झाले. एकही फाटला नाही. बनाबाईंच्या नावाची घागर भरली, वर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. शालिग्रामभाऊंनी दूध, तूप, मांडा असं ताट वाढून पहिला घास निखाऱ्यावर टाकला, हात जोडले. "आई, जेव," म्हणाले. पंगत बसली.

पहिल्यांदा एक लहान पोरगी म्हणाली, "आंबट हाय." तिच्या आईनं तिला चूप केलं. मग एकेक हात ताटातच थांबले. कुणी कुणाकडे बघेना. मी वाढता वाढता एक तुकडा तोंडात टाकला. आंबट मला कळतं. जिभेवर आला आणि मी हातातलं ताट खाली ठेवलं.

शालिग्रामभाऊ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, आईच्या घागरीपुढचं ताट उचललं, त्यावर टोपलं पालथं घातलं आणि आत नेलं. पाठमोरेच म्हणाले, "बुढीनं शेवटचं हेच मांगलं होतं."

त्यांची बायको निशिगंधावर धावली. "तू होती ना सकाळपासून चुलीपाशी? नाक गहाण टाकलं होतं काय? इतका वास येते, तुले समजला नाही?"

निशिगंधानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मी गप्प राहिले.

तिनं मान खाली घातली. बोलणी खाल्ली. मी खापर फडक्यात बांधलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

३ मे

अविनाशला सांगितलं. पुरणाचंही आणि वासाचंही. वाटलं, तो दचकेल.

तो कपबशी विसळत होता. म्हणाला, "वासाचं माहीत हाय मले. तू दवाखान्यातून आली, त्या आठवड्यात दूध जळून घरभर धूर झाला होता. तू बाजूले बसून भाजी निवडत होती."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुले सांगायचं नव्हतं ना." बशी बाजूला ठेवत तो म्हणाला, "तानुबाई आल्या होत्या मंग. त्याईलेही समजलंच होतं. त्या म्हणाल्या, तिले काही म्हणजो नको, मी हाय."

मी म्हटलं, "त्या कुठं होत्या? त्या तर नुसत्या बडबडत बसायच्या."

अविनाशनं कप पालथा घातला. "दुर्गा, थ्या बाईनं जन्मात कधी बडबड केली काय?"

३ मे, दुपारी

एकेक वाक्य आठवतं आहे. ओलं लाकूड. खवट तूप. "करपट नाही, राहू दे अजून." बुडाला लागलेलं पुरण. न बोलणारी बाई दिवसभर बोलत होती, लोकांत वेडगळ दिसत होती, म्हणजे मी लोकांत शहाणी दिसावी. हरिओमकडे एकही मांडा करपला नाही, ते माझ्या हातामुळे नाही.

आणि त्या नाकाला मी काय म्हणाले!

होळीच्या दिवशी मी त्यांना गप्प केलं, तेव्हा त्या दोन मांडे गप्प बसल्या. ते दोन मांडे कसे निघाले होते, ते मला आठवत नाही. बहुतेक त्यांनीच खाली लपवले असतील.

६ मे

शालिग्रामभाऊंच्या घरी गेले. त्यांची बायको दारातच म्हणाली, "खापर विसरलं काय?" मी म्हटलं, नाही. ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, मला वास येत नाही, निशिगंधानं सकाळी विचारलं होतं, मी खोटं बोलले. तिचा काही दोष नाही.

 मग शालिग्रामभाऊ म्हणाले, "मंग तुमी खापर लावता तरी कायले?" रागानं नाही. त्यांना खरंच समजत नव्हतं.  हात म्हणतो मी अजून आहे, हे कुणाला कसं सांगायचं?

निशिगंधानं चहा आणला. कप हातात देताना हळूच म्हणाली, "काकू, अद्रक टाकलं हाय." मी मान वर करू शकले नाही. चहा तसाच गरम गरम प्यायले.

८ मे

आठवडी बाजारात गेले. आंब्यांचा ढीग होता. मी एक उचलून नाकाजवळ नेला. ती सवय जात नाही, आता तर लोक बघतात म्हणूनही करते. ढिगाच्या पलीकडे तानुबाई उभ्या होत्या, नातीचा हात धरून. वीस दिवसांत वाळल्या आहेत, की मीच कधी नीट बघितलं नव्हतं?

त्यांनी मला बघितलं. माझ्या हातातला आंबा बघितला. मग तोंड आंबेवाल्याकडे वळवून मोठ्यानं म्हणाल्या, "काऊन रे, तो देठाकून उतरला हाय, अठीपर्यंत वास येऊन राह्यला. नको देऊ तो त्या बाईले."

आंबेवाल्यानं माझ्या हातातला आंबा काढून घेतला, दुसरा दिला.

त्या बाईले. मी "तानुबाई" म्हणेपर्यंत त्या गर्दीत पुढे गेल्या होत्या. नात मात्र वळून वळून माझ्याकडे बघत होती.

रागावलेल्या असूनही त्यांना राहवलं नाही. मला राग आलेला असताना मी काय केलं होतं, ते मला माहीत आहे.

९ मे

आज दुपारी खापर काढून धुतलं. उन्हात ठेवलं. उद्या सकाळी तानुबाईंकडे जाणार आहे. डबा नेणार नाही. डबा नेला तर ते त्या दिवसाचं उत्तर वाटेल.

कळतं आहे की त्या नाही म्हणतील. त्यांना नांदुऱ्याच्या बाईनं कामाला बोलावलं आहे, असं ऐकलं. तिथं गॅसवर काम आहे, लाकडं सारावी लागणार नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर दारच उघडलं नसतं. शिवाय मी मागणार आहे ते पूर्वीसारखं काम नाही. पूर्वीसारखं त्यांनी चोरून केलं, माझी अब्रू झाकायला. ते पुन्हा मागायला तोंड नाही मला.

काय म्हणायचं ते लिहून ठेवते. ऐन वेळी डोकं दगा देतं, हात थांबतो तसं.

तानुबाई, चुलीपुढच्या पाटावर तुम्ही बसा. खापर तुमचं. मी उंडे भरीन, हातावर मांडे वाढवून तुमच्याकडे देईन, लाकडं सारीन. लोक विचारतील, आज दुर्गाबाई खाली कशा बसल्या? तर मी सांगीन, माझं नाक गेलं आहे, मी तानुबाईंच्या नाकावर जगते. त्या दिवशी पुण्याच्या मावश्यांपुढे बोलले, तसंच चारचौघांत, तेवढ्याच मोठ्यानं सांगीन. तुम्ही फक्त पहिल्यासारखं बोलत राहाल का?